स्वादुपिंडातील बेटे आणि मधुमेहापूर्वीची वर्षे

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत माजी विद्यार्थी या नात्याने दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



या शाळेत जीवशास्त्र शिकताना आपण ‘स्वादुपिंड’ हा शब्द पाठ केला आणि फाटकाबाहेर पडताच शेजारच्या मुलांकडून त्याच अवयवाला ‘अग्न्याशय’ म्हणतात हे ऐकले. इंदुरात वाढलेल्या मराठी मुलांना प्रत्येक गोष्ट दोन नावांनी ओळखण्याची सवयच असते. पुढे विकृतिशास्त्राचा विद्यार्थी झाल्यावर माझ्या ध्यानात आले की ही दोन नावे मिळून त्या अवयवाचे पुरे वर्णन होते. एका नावात पचनाचा अग्नी आहे, दुसऱ्यात गोडी. जठराच्या मागे आडवा पडलेला, जेमतेम शंभर ग्रॅम वजनाचा हा अवयव एकीकडे पाचक रस तयार करतो आणि दुसरीकडे रक्तातील साखरेचा तोल सांभाळतो. नावे देणाऱ्यांनी हा विचार केला असेलच असे नाही. पण योग मात्र छान जुळून आला आहे.

आजचा विषय मी निवडला तो एका कागदामुळे. माझ्या वडिलांच्या निधनानंतर त्यांच्या कागदपत्रांत एक जुना रक्ततपासणीचा अहवाल सापडला. त्यावेळी त्यांचे वय त्रेचाळीस होते. उपाशीपोटी साखर ११८. खाली निळ्या शाईत दोन शब्द लिहिले होते, ‘गोड कमी’. वडिलांनी तो सल्ला अक्षरशः पाळला. चहातली साखर अर्धी केली, आणि सकाळचे पोहे, त्यावरची मूठभर शेव, दिवसभर खुर्चीवरचे काम, रात्री उशिराचे जेवण हे सारे पूर्ववत चालू ठेवले. सात वर्षांनी मधुमेहाचे निदान झाले आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी इन्सुलिनची सुई सुरू झाली. मला त्या सल्लागारांवर राग काढायचा नाही. त्या काळी बहुतेक जण तेवढेच सांगत. मात्र त्या दिवशी, ११८ हा आकडा छापला गेला त्या घटकेला, त्यांच्या स्वादुपिंडात काय चालले होते, हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. त्याचे उत्तर आज आपल्याला बऱ्याच अंशी ठाऊक आहे, आणि ते वडिलांना मिळालेल्या दोन शब्दांपेक्षा फार वेगळे आहे.

इ. स. १८६९ मध्ये बर्लिन येथे पाउल लँगरहॅन्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात स्वादुपिंडाच्या सूक्ष्म रचनेचे वर्णन केले. पाचक रसाच्या पेशींच्या दाट वस्तीत त्याला मधूनमधून फिकट पेशींचे छोटे पुंजके दिसले. ते कशासाठी आहेत हे त्याला सांगता आले नाही, आणि तसे त्याने प्रामाणिकपणे लिहूनही ठेवले. पुढे १८८९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकल्यावर त्याला मधुमेह होतो हे दाखवले, आणि त्यानंतर चार वर्षांनी त्या पुंजक्यांना लँगरहॅन्सची बेटे हे नाव मिळाले. १९२१ मध्ये टोरोंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले, ती कथा आपण पाठ्यपुस्तकात वाचलेली आहे; तिच्यात मी वेळ घालवत नाही.

ही बेटे सुमारे दहा लाख असतात. सर्व बेटांचे मिळून वजन मात्र एक-दोन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चमचाभर साखरेपेक्षाही कमी. प्रत्येक बेटात निरनिराळ्या पेशी शेजारी शेजारी राहतात; त्यांपैकी बीटा पेशी या इन्सुलिन तयार करणाऱ्या. मनुष्याच्या बेटात साधारण निम्म्या किंवा त्याहून अधिक पेशी याच असतात.

बीटा पेशीचे काम समजण्यासाठी लग्नातली पंगत डोळ्यांसमोर आणा. पाने मांडली आणि मंडळी बसली की वाढपी ताबडतोब बाहेर पडतात, कारण दाराशी भरलेली पातेली तयार असतात. ती रिकामी होईपर्यंत आतल्या चुलीवर पुढचा घाणा चढलेला असतो. बीटा पेशीतही असेच आहे. रक्तात साखर वाढली की ती पेशीत शिरते, तिचे ज्वलन होऊन ऊर्जा तयार होते, त्या ऊर्जेमुळे पेशीच्या आवरणातील पोटॅशियमची दारे बंद होतात, कॅल्शियमची दारे उघडतात, आणि आवरणालगत सज्ज असलेले इन्सुलिनचे कण क्षणात रक्तात रिते होतात. हे सारे घडते काही मिनिटांत. ही पहिली लाट. ती ओसरताच आतून नवे कण पुढे येतात आणि दुसरी, संथ लाट तासभर किंवा त्याहून अधिक काळ चालू राहते. एका पेशीत इन्सुलिनचे असे सुमारे दहा हजार कण असतात. कामाच्या भरात एक पेशी मिनिटाला इन्सुलिनच्या दहा लाख रेणूंची घडण करू शकते असा अंदाज आहे. इतक्या वेगाने एकच पदार्थ रांधणारे स्वयंपाकघर शरीरात क्वचितच दुसरे असेल.

आता पंगत मोठी होत जाते अशी कल्पना करा. यकृतात आणि स्नायूंत चरबी साठू लागली की इन्सुलिनचा निरोप मिळूनही ते अवयव पुरेशी दाद देत नाहीत. जे काम एका पातेल्यात होत असे त्याला दोन लागतात. बीटा पेशी तक्रार करीत नाही. ती आकाराने वाढते, अधिक इन्सुलिन घडवते, आणि रक्तातली साखर वर्षानुवर्षे अगदी नेमस्त राहते. या काळात तपासणी केली तर अहवाल निर्दोष येतो. कष्टाळू माणसाच्या बाबतीत घरातले लोक जसे फसतात, तसेच आपण येथे फसतो: काम वेळेवर होते आहे म्हणजे सारे ठीक आहे असे मानतो.

पण आतल्या गोष्टी बदललेल्या असतात. इन्सुलिन हा प्रथिनाचा धागा आहे. तो नेमकी घडी पडल्याशिवाय उपयोगाचा नसतो. मागणी वाढली की घड्या चुकू लागतात, चुकलेल्या धाग्यांचा ढीग पेशीतल्या कारखान्यात साचतो, आणि अर्धवट तयार झालेला माल, ज्याला प्रोइन्सुलिन म्हणतात, तोच बाहेर पाठवला जाऊ लागतो. दाराशी भरून ठेवायची पातेली रिकामी राहू लागतात, म्हणजेच ती पहिली लाट खालावते. जेवणानंतरची साखर वर चढते आणि उतरायला वेळ लावते. पुढे उपाशीपोटीची साखरही शंभराच्या पुढे सरकते. वाढलेली साखर आणि रक्तातील अतिरिक्त स्निग्धाम्ले पुन्हा त्याच पेशीवर आघात करतात, कारण ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून बचाव करण्याची साधने बीटा पेशीकडे इतर पेशींच्या मानाने तुटपुंजी आहेत. इन्सुलिनबरोबर बाहेर पडणारे अमायलिन नावाचे दुसरे द्रव्य पुष्कळ रुग्णांच्या बेटांत पुटासारखे साचते. सूक्ष्मदर्शकाखाली ही गुलाबी, चकचकीत पुटे मी अनेकदा पाहिली आहेत. ओपी या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभीच ती मधुमेह्यांच्या स्वादुपिंडात नोंदली होती. त्यांतले मुख्य द्रव्य कोणते हे कळायला मात्र १९८७ साल उजाडावे लागले.

माझ्या विद्यार्थिदशेत याच्यापुढची कहाणी एका वाक्यात संपत असे: बीटा पेशी मरतात. मृत्यू होतो हे खरेच आहे. अमेरिकेत पीटर बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये १२४ मृत व्यक्तींच्या स्वादुपिंडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्थूल मधुमेह्यांत बीटा पेशींचे आकारमान तशाच स्थूल पण निरोगी व्यक्तींच्या तुलनेत ६३ टक्क्यांनी कमी आढळले. त्याहून मन अस्वस्थ करणारी बाब म्हणजे ज्यांना अजून मधुमेह झालेला नव्हता, फक्त उपाशीपोटीची साखर किंचित वाढलेली होती, त्यांच्यातही ही घट ४० टक्के होती. माझ्या वडिलांचा ११८ हा आकडा नेमका या गटातला. ज्याला आपण बोलताना ‘थोडीशी साखर’ म्हणतो, ती थोडी नसते.

मात्र २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दोमेनिको अचिली यांच्या प्रयोगशाळेने उंदरांवर एक प्रयोग केला. त्यांनी बीटा पेशींवर कायमची खूण केली, म्हणजे पुढे त्या पेशीचे काहीही झाले तरी ती मूळची कोण होती हे ओळखता यावे. मग त्या उंदरांत मधुमेहासारखी स्थिती निर्माण होऊ दिली. इन्सुलिन दाखवणाऱ्या पेशी कमी झाल्या. त्या मेल्या असाव्यात असेच वाटले असते. पण खुणा शोधल्यावर पुष्कळशा पेशी जागच्या जागी सापडल्या. त्या जिवंत होत्या. फक्त त्यांनी इन्सुलिन करणे सोडले होते आणि त्या आपल्या अपक्व, बाल्यावस्थेतील रूपाकडे परतल्या होत्या. पंगतीच्या भाषेत सांगायचे तर आचारी घरातच आहे, पण त्याने झारा खाली ठेवला आहे आणि आपण आचारी आहोत हे तो विसरला आहे. पुढे मनुष्याच्या स्वादुपिंडांतही अशी ओळख हरवलेल्या पेशींचे प्रमाण मोजले गेले: मधुमेह्यांत सुमारे ३२ टक्के, निरोगी व्यक्तींत सुमारे ९ टक्के. किती पेशी मरतात आणि किती केवळ गप्प होतात, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. तो वाद चालू राहो. मृत पेशी परत येत नाही आणि गप्प झालेली येऊ शकते, एवढा भेद रुग्णाच्या दृष्टीने पुरेसा मोठा आहे.

ती खरोखर येते का, याचा पुरावा इंग्लंडमधील न्यूकॅसल येथून आला. रॉय टेलर यांनी २०११ मध्ये अकरा मधुमेही व्यक्तींना आठ आठवडे दिवसाला सुमारे सहाशे कॅलरींचा आहार दिला. पहिल्या आठवड्यातच उपाशीपोटीची साखर पूर्वपदावर आली, कारण यकृतातील चरबी झपाट्याने उतरली. स्वादुपिंडातील चरबी हळूहळू कमी झाली, आणि आठव्या आठवड्यापर्यंत इन्सुलिनची हरवलेली पहिली लाट परत आली. दाराशी पुन्हा भरलेली पातेली! त्यानंतर स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधील सुमारे तीनशे रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत, ज्यांना वजन उतरवण्याचा काटेकोर कार्यक्रम दिला त्यांपैकी ४६ टक्के रुग्ण वर्षाअखेर औषधाविना मधुमेहमुक्त पातळीवर होते. दुसऱ्या वर्षअखेर हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. म्हणजे पेशी परततात, पण पूर्वीचे जिणे परतले तर पुन्हा गप्प होतात. चीनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगळी वाट होती. निदान होताच काही आठवडे इन्सुलिन देऊन बीटा पेशींना विश्रांती दिली आणि मग सर्व औषध थांबवले. वर्षभरानंतरही त्यांतील जवळपास निम्म्या व्यक्तींची साखर औषधाविना काबूत होती. गोळ्यांनी सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण चौथ्या हिश्श्याच्या किंचित वर राहिले. निदान झाल्याबरोबर कोणी इन्सुलिन सुचवले की आपल्याकडे घरात सुतकी शांतता पसरते. ती कित्येकदा अनाठायी असते, हे मला येथे मुद्दाम सांगावेसे वाटते.

या सर्व प्रयत्नांत एक गोष्ट समान आहे. यश मिळाले ते मुख्यतः मधुमेह नवा असलेल्यांना. स्कॉटलंडच्या चाचणीत निदानाला सहा वर्षांहून अधिक काळ लोटलेल्यांना घेतलेच नव्हते. आणि निदानाचा दिवस हा आरंभाचा दिवस नसतो. ब्रिटनमध्ये १९७७ पासून वीस वर्षे चाललेल्या प्रसिद्ध अभ्यासात निदानाच्या वेळीच बीटा पेशींची कार्यशक्ती निम्म्यावर आलेली आढळली. उतरणीची ती रेषा मागे ओढत नेली तर तिचा आरंभ निदानाच्या दहा-बारा वर्षे आधी जातो.

येथवर मी परदेशांतील पेशींविषयी बोललो. आपल्याकडची गोष्ट अधिक बिकट आहे, आणि ती समजली ती पुण्यात. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी के.ई.एम. रुग्णालयातून १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि बालकांचा अभ्यास सुरू केला. तेथील बालकांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील तुलनेतल्या बालकांचे ३.५ किलो. स्नायू कमी, यकृत-मूत्रपिंडासारखे अवयव लहान. पण त्वचेखालची चरबी मात्र जवळजवळ तेवढीच राखलेली. दिसायला हडकुळे, आतून मेदयुक्त. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश मित्र जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र छापले गेले. दोघांचा उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. वजनकाटा दोघांनाही सडपातळच म्हणत होता.

याचा बीटा पेशींशी संबंध असा की या पेशींची संख्या मुख्यतः गर्भावस्थेत आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत वाढते. प्रौढपणी त्या क्वचितच विभागतात. गर्भात पोषण अपुरे मिळाले तर शिल्लक कमी घेऊन आयुष्य सुरू होण्याची शक्यता असते. भारतीयांवरील अलीकडच्या अभ्यासांतही असे दिसते की पुष्कळांच्या बीटा पेशी थोड्याशा भारानेच आणि कमी वयातच माघार घेतात. म्हणून आपल्यातला मधुमेही माणूस ढेरपोट्याच असेल असे नाही. ‘आमचा मुलगा तर काडीसारखा आहे’ हे वाक्य मी अनेक पालकांच्या तोंडून ऐकले आहे.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी पूर्वमधुमेही आहेत. हे तेरा कोटी लोक माझ्या वडिलांच्या त्या कागदावर उभे आहेत. त्यांच्यासाठी काय करता येते हे चेन्नईत तपासले गेले आहे. २००६ मधील त्या अभ्यासात पूर्वमधुमेही व्यक्तींपैकी नुसत्या सर्वसाधारण सल्ल्यावर सोडलेल्या गटात तीन वर्षांत ५५ टक्के जणांना मधुमेह झाला. ज्यांच्याकडून नियमित चालणे आणि आहारातील बदल पाठपुरावा करून घेतले, त्यांच्यात ३९ टक्के. निळ्या शाईतले ‘गोड कमी’ आणि पाठपुरावा यांच्यातले अंतर ते हेच.

तेव्हा आपल्यापैकी ज्यांच्या आईवडिलांना मधुमेह आहे, ज्यांना गर्भारपणी साखर वाढली होती, किंवा ज्यांचा पट्टा दरवर्षी एक भोक पुढे सरकतो आहे, त्यांनी तिशीनंतर तपासणी करावी. फक्त उपाशीपोटीची नको. पहिली लाट आधी हरवते, म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांनी केलेली तपासणी अधिक बोलकी असते. तेथे १४० ते १९९ हा आकडा, किंवा तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीए१सी ही तपासणी ५.७ ते ६.४, म्हणजे पेशी दमल्या आहेत पण घरात आहेत. त्या वेळी अल्पस्वल्प बदलांवर समाधान मानू नये. आणि पालकांसाठी एक गोष्ट वेगळी: लहान मुलांना अचानक होणारा पहिल्या प्रकारचा मधुमेह हा सर्वस्वी निराळा आजार आहे. तेथे शरीराची संरक्षणयंत्रणाच बीटा पेशींवर चाल करून जाते. मुलाने पेढे, जलेबी जास्त खाल्ल्यामुळे तो होत नाही, आणि त्या मुलाच्या आईला कोणी तसे बोलून दाखवू नये.

व्याख्यानानंतर एका माजी विद्यार्थ्याने विचारले की मला मधुमेह होऊन सोळा वर्षे झाली, मग हे सारे माझ्या काय कामाचे? त्यांना मी जे सांगितले तेच येथे लिहितो. इतक्या वर्षांनंतर गप्प झालेल्या पेशी पूर्णपणे परततील अशी आशा मी देणार नाही. सी-पेप्टाइड या तपासणीने आपले स्वादुपिंड अजून स्वतःचे किती इन्सुलिन करते ते कळते; ते थोडेही शिल्लक असेल तर साखरेचे चढउतार सौम्य राहतात आणि उरलेल्या पेशींचे आयुष्य वाढवण्यासारखे असते. आपण घेत असलेले इन्सुलिन हा पराभव नाही, तो त्या उरलेल्या पेशींच्या खांद्यावरचा भार हलका करणे आहे. मग मी त्यांना त्यांच्या मुलांची वये विचारली. थोरला सव्वीस, धाकटी बावीस. दोघांची तपासणी कधी झालेली नव्हती. पुढच्या आठवड्यात करून घेतो, असे ते म्हणाले.